मोठ्या मुलाला टाइप वन डायबेटीस आहे, धाकटीला किती धोका? आणि सोयरिकीत हे सांगायचं का?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातून लिहितेय. माझा मोठा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला मागच्या दिवाळीनंतर टाइप वन डायबेटीस निघाला. धाकटी लेक चार वर्षांची. आमच्या दोन्हीकडं लहानपणी शुगर झालेलं कुणी ऐकिवात नाही. सासऱ्यांना आहे, पण ती साठीनंतरची, गोळ्यांवर चाललेली.

निघाला कसा ते सांगते, कुणाच्या तरी कामी येईल. लेकरू उठलं की माठाकडं जायचं. तांब्या तोंडाला लावला की खाली ठेवायचं नाही. शाळेची चड्डी कमरेतून घसरू लागली. अंथरुणात लघवी करायची सवय कधीच सुटली होती, ती परत सुरू झाली. न्हाणीत त्यानं लघवी केली की थोड्या वेळानं तिथं मुंग्या. मग एका सकाळी उलट्या, पोटात दुखतंय म्हणून रडणं, आणि श्वास असा जोरात की छाती भात्यासारखी हलायची. तालुक्याला एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून सलाईन लावली आणि घरी पाठवलं. शुगर कुणी बघितली नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेईपर्यंत तो हाकेला ओ देत नव्हता. शुगरच्या मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे मोजता येणार नाही इतकी जास्त. आयसीयूतून सुखरूप घरी आला. आता दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया घेतो, शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. त्याची घडी बसलीय.

आता माझे दोन प्रश्न. पहिला धाकटीचा. ती पाण्याला गेली की माझ्या पोटात गोळा येतो. मी सारखी तिचं बोट टोचते. हल्ली मीटरची पिशवी दिसली की दोन्ही मुठी आवळून पलंगाखाली जाऊन बसते.

दुसरा प्रश्न घरातला आहे. नणंदेचं स्थळ जमत आलंय. घरातले मोठे म्हणायलेत, पाहुण्यांपुढं पोराच्या सुयांचं काढू नका, 'खानदानात आहे' म्हणतील आणि सोयरीक मोडेल. बैठकीच्या दिवशी त्याला मामाकडं पाठवून द्या असंही निघालं. त्यात माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालेलं, म्हणजे सासू माझी सख्खी आत्या. त्यामुळं भावकीत 'नात्यात केलं म्हणून असं झालं' हे चालूच आहे. नवऱ्याचा मला आधार आहे, पण त्यांनाही उत्तर सुचत नाही. कुणी खरं काय ते सांगेल का?

मोसंबीबाग
ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेकराची घडी बसली हे फार मोठं काम केलंत. मी जालना जिल्ह्यात आशा आहे. आम्हाला तीस वर्षांवरच्या लोकांची शुगर बघायला शिकवलंय, लेकरांचं कुणी सांगितलं नव्हतं. जाणकारांनी लिहावं, मी वाचतेय.

गोदातीर
मी नांदेडचा, वय सदुसष्ट. माझ्या आईला शुगर होती, मला आहे, दोन्ही भावांना आहे, आता मुलालाही निघाली. आमच्यात तर पिढीजातच चालत आली. मग लेकरांची शुगर घराण्यातून येत नाही असं कसं म्हणायचं? या ताईंच्या सासऱ्यांना आहे, नातवाला झाली. सरळ दिसतंय की.

डॉ. बालाघाट
मी बालरोगतज्ज्ञ आहे, अंबाजोगाईला शिकलो, बीड जिल्ह्यात दवाखाना आहे. टाइप वनची लेकरं माझ्याकडं नियमित येतात.

गोदातीर काका, तुमच्या घरातला आजार टाइप टू आहे आणि त्यात घराणं खरंच फार बोलतं. आई किंवा वडील, एकाला असेल तर मुलाला आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, दोघांना असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास धरतात. टाइप वन हा वेगळाच आजार आहे. त्यात शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटतात आणि त्यांना हळूहळू संपवतात. आजोबांची साठीनंतरची शुगर नातवाच्या टाइप वनचं कारण होत नाही.

आता ताईंचा पहिला प्रश्न. सख्ख्या भावंडाला टाइप वन असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता १०० मध्ये साधारण ५ ते ६. घरात कुणालाच नसेल तर ३०० मध्ये सुमारे १. वडिलांना असेल तर मुलांचा धोका १०० मध्ये ६ च्या जवळपास. आईला असेल तर त्याच्या निम्मा, म्हणजे ३ च्या आसपास, आणि आई पंचवीस वर्षांची झाल्यावर मूल झालं असेल तर १०० मध्ये १. दोघांनाही असेल तर १० मध्ये १ पासून ४ मध्ये १ पर्यंत. आई-वडिलांना स्वतःला तो अकराव्या वर्षाच्या आत झाला असेल तर मुलांचा धोका दुप्पट धरतात. हे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांवरून निघालेले आहेत. आपल्याकडं हा आजार तिथल्यापेक्षा विरळा आहे, म्हणजे आकडे याहून वर जातील असं धरायचं कारण नाही.

आईकडून येणारा धोका वडिलांकडून येणाऱ्यापेक्षा कमी आहे, हे मी दवाखान्यात मुद्दाम आजीसमोर सांगतो. लेकरू आजारी निघालं की पहिलं बोट सुनेच्या माहेराकडं जातं. माझ्यासमोर बसून रडलेल्या आया मी पाहिल्यात.

तुमच्या बाबतीत तर आई-वडील दोघांनाही आजार नाही. जनुकं मात्र दोघांकडून येतात. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा एक भाग असतो, त्यातले डीआर-थ्री आणि डीआर-फोर हे प्रकार धोका वाढवतात. त्या भागाचा एक संच आईकडून, एक बापाकडून मिळतो. दोन सख्ख्या भावंडांना दोन्ही संच सारखे येण्याची शक्यता चारात एक. म्हणून एकाच आईच्या पोटची लेकरं असूनही सगळ्यांचा धोका सारखा नसतो. आपल्या लोकांच्या बाबतीत हे पाहिलं गेलंय: पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० साली दाखवलं, की जनुकांवरून टाइप वन ओळखायची पद्धत भारतीय रुग्णांतही कामी येते.

पण नुसत्या जनुकांनी आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असतात, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के सांगतात, फार वर्षं पाठपुरावा केला तर ती आणखी वाढते. म्हणजे बाहेरचं काहीतरी लागतं. त्यात काही विषाणूंवर बराच संशय आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टाइप वन नव्यानं निघालेल्या दहा लेकरांपैकी जवळपास नऊ जणांच्या आई-वडील-भावंडांत कुणालाच तो नसतो. 'आमच्यात कुणाला नाही' या भरवशावर कुणीच राहू नये.

खुलताबादकर
डॉक्टरसाहेब, नात्यातल्या लग्नानं दोष येतो हे तर डॉक्टरच सांगतात. मग इथं ते का नाही? आणि हल्लीची लेकरं बिस्किटं, चॉकलेट, कोल्ड्रिंक किती खातात. त्याचा काहीच हात नाही?

डॉ. बालाघाट
प्रश्न रास्त आहे. थॅलेसेमियासारख्या आजारात एकच बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. नवरा-बायको नात्यातले असले की तेच जनुक दोघांत असण्याचा संभव वाढतो, म्हणून तिथं जपा म्हणतात. टाइप वनचं तसं नाही. त्यात जनुकांच्या ६० पेक्षा जास्त जागा सापडल्यात, प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा, एचएलएचा सगळ्यात मोठा. मामाची मुलगी केली म्हणून लेकराला टाइप वन झाला असं कुणाला सांगता येणार नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत शुगर निघाली तर तो बहुधा टाइप वन नसतो, एकाच जनुकाच्या बिघाडाचा असतो. तिथं जनुकीय तपासणी जरूर करावी, कारण त्यातली काही बाळं इन्सुलिन सोडून गोळीवर येतात. ताईंच्या मुलाला नऊव्या वर्षी निघाला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

गोड खाण्यानं टाइप वन होत नाही. लसीनं होत नाही. आईनं गरोदरपणी काय खाल्लं याचा हिशेब काढत बसू नये.

मांजराथडी
पूर्णाकाठ ताई, मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. मला स्वतःला टाइप वन बाराव्या वर्षी झाला, १९९३ साली. ते किल्लारीच्या भूकंपाचं साल. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली. आम्ही औसा तालुक्यातले, आमचं घर उभं राहिलं, पण नात्यातली माणसं गेली. पुढं दोन-तीन महिन्यांत मी वाळलो, पाणी पाणी करू लागलो. घरचे म्हणाले पोरानं धसका घेतला. अंगारा झाला, उतारा झाला. आजही आमच्या गावात कुणी विचारलं तर 'भूकंपात शुगर लागली' असंच सांगतात.

माझ्या डॉक्टरांनी पुढं समजावलं की बीटा पेशींची पडझड बाहेर दिसण्याच्या आधी कित्येक महिने, कधी कधी वर्षं चाललेली असते. भूकंपाच्या रात्रीच्या आधीच माझ्या शरीरात ती सुरू झालेली असणार. हे ऐकल्यावर माझ्या आईच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या रात्री तिनं मला अंगणात झोपू दिलं नव्हतं, घरात ओढून नेलं होतं, आणि धसका त्याचाच बसला असं ती धरून बसली होती.

तेव्हा काचेची सिरिंज उकळून घ्यायची. फ्रीज नव्हता. बाटली डब्यात घालून, डबा ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचो. आजही आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट गेली की मी तेच करतो.

आता सोयरिकीचं. मला दोन स्थळांनी तोंडावर नाही म्हटलं. तिसऱ्या बैठकीला वडिलांनी पान-सुपारीच्या ताटाशेजारी इन्सुलिनची बाटली ठेवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे, नोकरी आहे, आणि रोज हे घेतो. जन्मभर घ्यावं लागणार. विचारायचं ते आत्ताच विचारा." माझ्या सासऱ्यांनी बाटली हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि एकच विचारलं, जेवणाच्या आधी घेता का नंतर. ते लग्न झालं. मला दोन मुलं आहेत, पंधरा आणि अकरा. दोघंही ठणठणीत. बाप मीच, म्हणजे डॉक्टरांनी दिलेला ६ टक्क्यांचा आकडा माझ्या घराला लागू आहे. मला तो माहीत आहे, बायकोला माहीत आहे, मुलांनाही माहीत आहे. त्या आकड्यानं आमची झोप जात नाही. घरात मीटर आहे, काय बघायचं ते चौघांना ठाऊक आहे.

पोराला मामाकडं पाठवू नका, ताई. तो नऊ वर्षांचा आहे. आपल्याला का लपवलं हे त्याला आज नाही कळलं तरी उद्या कळेल.

तेरणा
सरांना अनुमोदन. मी धाराशिवची, पुण्यात आयटीत आहे, सातवीपासून टाइप वन. मुलीच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होते. माझ्या धाकट्या बहिणीला काहीही नाही, तरी तिच्या स्थळांना माझ्यावरून नकार आले.

पण लपवण्याचं काय होतं ते सांगते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं लग्न न सांगता लावून दिलं. नव्या घरात इन्सुलिनचा पेन कुठं ठेवायचा, सुई कधी घ्यायची? सगळ्यांचं जेवण झाल्यावर ती न्हाणीघरात जाऊन घ्यायची. पाहुणे असले की चुकायची. देवदर्शनाच्या धावपळीत दोन दिवस सुई मिळालीच नाही आणि ती थेट आयसीयूत गेली, किटोन वाढून, म्हणजे इन्सुलिन नसल्यानं रक्तात आम्लं साठून. तिच्या सासरच्यांना राग आजाराचा आला नाही, फसवल्याचा आला. इन्सुलिन चुकवून चालत नाही. ज्या घरात ते उघड घेता येत नाही, ते घर टाइप वनच्या मुलीसाठी जिवावरचं असतं.

पूर्णाकाठ ताई, तुमच्या नणंदेला तर आजारच नाही. तिची लेकरं तुमच्या मुलाची आतेभावंडं होणार. त्यांचा धोका सख्ख्या भावंडापेक्षा पुष्कळच कमी, जवळपास चारचौघांएवढा. पाहुण्यांना हे आकड्यासकट सांगता येईल.

छत्रपती संभाजीनगरला 'उडान' ही संस्था टाइप वनच्या मुलांसाठी काम करते, तिची माहिती घ्या. स्वतःसारखी दुसरी लेकरं एकदा बघितली की पोराच्या मनावरचा ताण निम्मा होतो. माझा झाला होता.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

धाकटीसाठी रक्ताची एक तपासणी असते, आजार होण्याआधीच कळतं, असं एकानं सांगितलं. अँटिबॉडी का काहीतरी. ती करावी का? आणि कळून करायचं काय, औषध तर नाही ना?

अजिंठा
मी लॅबमध्ये काम करतो. ही तपासणी बोट टोचून होत नाही, शिरेतून थोडं रक्त घ्यावं लागतं. नमुना बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. अँटिबॉडी म्हणजे शरीराच्या संरक्षणानं बनवलेली प्रथिनं, इथं ती स्वादुपिंडातल्या पेशींविरुद्ध असतात. त्यांची चार नावं लक्षात ठेवा: जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर एट आणि इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी. आमच्याकडं चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसतं जीएडी लिहून येतं. एकीवरून अर्धंच कळतं, म्हणून डॉक्टरांशी बोलून किती लिहायच्या ते ठरवा. खर्च आधी विचारून घ्या, चारही केल्या तर खिशाला जाणवतो.

डॉ. बालाघाट
अजिंठा यांनी नेमकं सांगितलं. अर्थ कसा लावायचा ते मी सांगतो.

अनेक देशांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१३ साली एक मोठा अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात दोन किंवा जास्त अँटिबॉडी सापडल्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत टाइप वन झाला. एकच असेल तर दहा वर्षांत साधारण १५ टक्के. एकही नसेल त्यांच्यात पंधराव्या वर्षापर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली. त्यामुळं दोन अँटिबॉडी निघाल्या की आता आजाराचा पहिला टप्पा म्हणतात, साखर अजून चांगली असली तरी. साखर थोडी बिघडली की दुसरा. ताईंचा मुलगा नांदेडला पोचला तो तिसऱ्यात.

कळून काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आठ वर्षांपुढच्या, दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना चौदा दिवस सलाईनमधून देतात आणि त्यानं आजार साधारण दोन वर्षं पुढं ढकलला जातो. टळत नाही. त्या मान्यतेत तुमच्या लेकीचं वय बसत नव्हतं. इटलीनं २०२३ साली कायदा करून सगळ्या मुलांसाठी ही तपासणी आणायचं ठरवलं, आणि त्याचं मुख्य कारण साधं आहे: ज्या घराला आधी माहीत असतं त्या घरातलं लेकरू किटोन वाढून बेशुद्ध होऊन दवाखान्यात सहसा येत नाही. दोन-चार दिवसांच्या तहानेवरच आई-बाप ओळखतात.

माझं मत विचाराल तर, तुमच्या घरात ओळखणारी माणसं आधीच आहेत. तपासणी केली नाही म्हणून लेकीचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. पण तुम्ही रात्रंदिवस तिची बोटं टोचताय, ते थांबणार असेल तर एकदा चांगली तपासणी करून घ्या. दोन्हीतलं काहीही निवडा, रोजचं टोचणं मात्र आजपासून बंद. तहान, लघवी, वजन यांत फरक दिसला तरच मीटर काढायचा. नकारार्थी रिपोर्ट आला तरी तो कायमचा नसतो, लहान वयात काही वर्षांनी परत बघावं लागतं.

गोदातीर
डॉक्टर, माझा समज दुरुस्त झाला, आभार. एक राहिलं. माझ्या सुनेला थायरॉईड आहे आणि तिच्या बहिणीला कोड. याचा काही संबंध असतो का?

डॉ. बालाघाट
असू शकतो, काका. थायरॉईडचा एक प्रकार, कोड, सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसणारा आजार) आणि टाइप वन या सगळ्यांत शरीराचं संरक्षण स्वतःवरच उलटतं, आणि काही जनुकं सामाईक असतात. म्हणून टाइप वनच्या लेकरांची थायरॉईड आणि सिलिअ‍ॅकची तपासणी वेळोवेळी करतात. सिलिअ‍ॅक निघाला तर गहू बंद. आपल्याकडं ज्वारीची भाकरी आहे, तिच्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळं आपल्या लेकरांचे हाल चपातीवर वाढलेल्यांपेक्षा कमी होतात. पण सुनेला थायरॉईड आहे म्हणून नातवाला टाइप वन होणार असं समजू नका.

पूर्णाकाठ
काल घरात एक गोष्ट झाली, ती लिहिते.

मी नवऱ्याला हा धागा मोठ्यानं वाचून दाखवत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. डॉक्टरांचं 'तहान, लघवी, वजन' ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच गेला." बहात्तरच्या दुष्काळात. विहिरी आटलेल्या, दूरवरून हंडे आणावे लागायचे, आणि सात वर्षांचं पोरगं पाणी पाणी करायचं. घरचे रागावायचे, सगळ्यांच्या वाट्याचं पितो म्हणून. एकदा आजोबांनी हंड्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवला. पोराच्या अंगावरचं मांस गेलं, उलट्या लागल्या, आणि गेलं. दुष्काळानं नेलं असं सगळे म्हणाले. आत्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. तो माझा चुलता. मला त्याचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

तो टाइप वन असेल का? आणि तसं असेल तर धाकटीचा धोका वाढतो का?

डॉ. बालाघाट
ताई, आज त्याचं निदान करता येणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात अतिसारानंही लेकरं गेली. पण तहान, वाळणं, शेवटी उलट्या, हा क्रम टाइप वनचा असू शकतो. आत्याबाईंना माझ्याकडून एक सांगा: झाकणावरच्या दगडानं तो गेला नाही. टाइप वन असेल तर पाणी कितीही मिळालं असतं तरी इन्सुलिनशिवाय तो जगला नसता. टोरंटोत जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, बहात्तर साली त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली होती. तुमच्या गावापर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं.

धाकटीचा हिशेब तिच्या सख्ख्या भावावरून होतो. इतक्या लांबच्या नात्यानं तो फारसा हलत नाही.

पण तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. 'आमच्या खानदानात कुणाला नव्हतं' असं सगळे सांगतात, तेव्हा मी विचारतो, घरात एखादं लेकरू पाणी पाणी करत, वाळत जाऊन गेलं होतं का? बऱ्याच वेळा घरातली म्हातारी हळूच मान हलवते. तपासलंच नाही तर खानदानात ते येणार कुठून? माझ्याकडं एक ऊसतोड कुटुंब येतं. दिवाळीनंतर ते कारखान्याच्या फडावर जातं, लेकराचं इन्सुलिन कोपीत मडक्यात ठेवतं. त्याच्या आधीचा मुलगा फडावरच 'ताप-उलटी होऊन' गेला. त्याला काय झालं होतं हे आता कुणालाच कळणार नाही. त्या आईनं या लेकराची तहान मात्र ओळखली, ती त्या पहिल्या पोरावरून.

मांजराथडी
आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. इतक्या वर्षांनी बोलल्या.

पूर्णाकाठ
बैठक झाली. पोराला मामाकडं पाठवायचं नाही हे आत्यांनीच सांगितलं, मग कुणी काही बोललं नाही. जेवायच्या आधी त्यानं नेहमीसारखी पोटावर सुई घेतली. नवरदेवाच्या मावशीनं विचारलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं सगळं सांगितलं, नणंदेच्या लेकरांना किती शक्यता तेही सांगितलं. पाहुण्यांनी ऐकून घेतलं, कळवतो म्हणाले. अजून निरोप नाही. नणंद म्हणते, यावरून मोडणार असेल तर मोडू द्या.

धाकटीचं रक्त शिरेतून एकदाच दिलं, रडली, पण दादानं हात धरला होता. रिपोर्ट यायचाय. तो काहीही आला तरी बोटं टोचणं मी थांबवलंय.

मोसंबीबाग
डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्या उपकेंद्रात मोठ्यांच्या तपासणीसाठी ग्लुकोमीटर आहे. लेकरासाठी तेच चालतं का? उद्या अंगणवाडीत आयांची बैठक आहे, मी हे सगळं सांगणार आहे. कुणी म्हणालं माझं लेकरू फार पाणी पितं, तर मी नेमकं काय करू?

डॉ. बालाघाट
मशीन तेच, पट्टी तीच. लेकराचा हात साबणानं धुऊन पुसा, नाहीतर बोटाला लागलेल्या गुळा-साखरेनं आकडा खोटा वर जातो. बोटाच्या टोकाला टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. उपाशी असायची गरज नाही. तहान आणि लघवी वाढलेली असेल आणि आकडा २०० किंवा वर आला, किंवा मशीननं 'हाय' दाखवलं, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवा, सकाळपर्यंत थांबू नका. उलटी होत असेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर १०८ ला फोन करा, आणि चिठ्ठीवर शुगरचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे पुढं कुणी पोट बिघडलंय म्हणून घरी पाठवणार नाही.